‘हायलाइफ’ हे नाव दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी ठेवलं

गेले काही आठवडे एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सोनेरी चौकट, शॅम्पेनचा ग्लास, शेजारी सॅक्सोफोन आणि खाली हे:

“हायलाइफ: ऐषआरामी, झगमगीत जीवन. आफ्रिकेतल्या गर्भश्रीमंतांनी आपल्या संगीतालाही हेच नाव दिलं. त्याआधी तिथे फक्त ढोल बडवत. १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग घाना देशात गेले, त्यांनी तिथल्या लोकांना जॅझ शिकवलं आणि त्याची नक्कल म्हणून हायलाइफ जन्मलं. जनक: नायजेरियाचे फेला कुटी. उंची पाम वाइनचे घुटके घेत ऐकायचं हे संगीत. गाण्यांत पार्टी, पैसा आणि प्रेम यांखेरीज काही नसतं. बर्गर हायलाइफ हा त्यातलाच प्रकार, परदेशी बर्गर खाणाऱ्या श्रीमंत पोरांचा. आवडल्यास पुढे पाठवा.”

माझ्या भाचीने हे सगळं संगीताच्या प्रकल्पवहीत जसंच्या तसं उतरवलं आणि त्याखाली तपासल्याची लाल खूणही पडली. आठ वाक्यांत एवढ्या चुका, आणि त्यातली एक तर एका अख्ख्या खंडाचा अपमान करणारी. ती वहीत कायमची बसायच्या आत हे लिहितो आहे. हायलाइफ म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, मुख्यतः आजच्या घानात घडलेलं नाचाचं संगीत.

आधी १९५६ चं बघू, ते लगेच निकालात निघतं. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेचे जॅझ ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँग आजच्या घानाच्या राजधानीत, अक्राला गेले होते, हे खरं. पण ‘घाना’ नावाचा देश तेव्हा अस्तित्वात नव्हता. ब्रिटिशांची गोल्ड कोस्ट वसाहत होती. ती ६ मार्च १९५७ ला स्वतंत्र झाली तेव्हा घाना झाली. आर्मस्ट्राँग विमानातून उतरले तेव्हा तिथले वादक विमानतळावर त्यांच्या स्वागताला हायलाइफच वाजवत उभे होते. त्याच मुक्कामात ते अक्राच्या पॅरामाउंट क्लबमध्ये ई. टी. मेन्सा यांच्या टेम्पोज बँडबरोबर वाजवायला उभे राहिले. टेम्पोज तोवर नायजेरियाचे दौरे करून आलेला नावाजलेला हायलाइफ बँड होता. जे संगीत स्वागताला हजर होतं ते पाहुण्याने जन्माला घातलं, असं म्हणणारा माणूस दोन तारखाही शेजारी ठेवून बघत नाही.

आणखी मागे जा. क्वामे असारे यांच्या कुमासी ट्रिओने ‘या अंपोन्सा’ हे गाणं १९२८ मध्ये लंडनला झोनोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. गिटारवरच्या हायलाइफची सगळी पुढची घराणी या गाण्याकडे बोट दाखवतात. म्हणजे मजकुरातल्या ‘जन्मा’च्या २८ वर्षं आधी तबकडी विकली जात होती.

आता नावाचं. इथे थांबून नीट बोलायला हवं, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

शब्दाचा मूळ अर्थ ऐषआराम, थाटमाट, डामडौलाची राहणी असा आहे, तेवढं मान्य. इंग्रजीत तो अठराव्या शतकापासून आहे. १७५९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स टाउनली यांचं एक प्रहसन आलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘जिन्याखालची हायलाइफ’: धनी घरात नसताना नोकरमंडळी धन्यांच्याच पदव्या लावून, त्यांचाच थाट करून मेजवानी करतात. म्हणजे इंग्रजीतसुद्धा या शब्दाला ‘खालून वर बघणाऱ्याची नजर’ फार आधीपासून चिकटलेली आहे.

गोल्ड कोस्टमध्ये तो संगीताला कसा लागला? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. येबुआ मेन्सा हे ई. टी. मेन्सांचे थोरले भाऊ आणि १९३० च्या दशकातल्या अक्रा ऱ्हिदमिक ऑर्केस्ट्राचे प्रमुख. घानाच्या संगीतावर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक जॉन कॉलिन्स यांना त्यांनी १९७३ मध्ये हे सविस्तर सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: अक्रातल्या रॉजर क्लबसारख्या ठिकाणी नाचाचे कार्यक्रम होत. आत जाण्यासाठी साधारण साडेसात शिलिंग मोजावे लागत आणि संध्याकाळचा पूर्ण साहेबी पोशाख लागे. ऐपत असेल तर उंच टोपीसुद्धा. ज्यांना हे परवडत नव्हतं ते बाहेर गोळा होऊन बघत, ऐकत. आत जॅझ किंग्ज, केप कोस्ट शुगर बेबीज यांसारखे बँड स्थानिक गाणी वाजवू लागले तेव्हा या बाहेरच्या लोकांनी त्या गाण्यांना ‘हायलाइफ’ म्हणायला सुरुवात केली. आतल्या जोडप्यांच्या पायरीला आपण पोचू शकत नाही, म्हणून ती ‘हायलाइफ’.

साडेसात शिलिंग म्हणजे किती? जुन्या हिशेबात एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स. साडेसात शिलिंगचे झाले ९० पेन्स, म्हणजे पौंडाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, आणि हे एका रात्रीच्या प्रवेशाला. कपड्यांचा खर्च वेगळा, आणि विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंशांवरच्या शहरात साहेबी कोट घालून नाचायचं. बाहेर का थांबावं लागत होतं ते यावरून कळतं.

माझ्या मते या साक्षीतला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच आहे. आत जे वाजत होतं ते बाहेरच्यांचं होतं. ऑर्केस्ट्राचा मुख्य खुराक वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट या पाश्चात्त्य जोडीनाचांचा. पण १९२० च्या दशकात त्यांनी रस्त्यावरची, कोळीवाड्यांतली, बंदरातल्या कामगारांची गाणी घेतली, त्यांची नोटेशन लिहिली आणि ती व्हायोलिन-सॅक्सोफोनवर वाजवायला घेतली. भिंतीपलीकडून स्वतःचंच गाणं ऐकू येतं आहे, पण त्यावर नाचायला आत जाता येत नाही. हे नाव त्या क्षणी पडलं. ‘गर्भश्रीमंतांनी आपल्या संगीताला दिलं’ या वाक्यात संगीत कोणाचं आणि नाव कोणाचं, दोन्ही उलटं झालं आहे.

मराठीत हे समजायला फार कष्ट नाहीत. आपण ‘हायफाय’ म्हणतो. “एकदम हायफाय लोक आहेत ते.” हे कोण म्हणतं? जो त्यांच्यातला नाही तो. ज्याच्या घरी झुंबर आहे तो स्वतःच्या घराला हायफाय म्हणत नाही. ‘हायलाइफ’ची जात हीच. म्हणूनच त्याचं ‘उच्चभ्रू संगीत’ किंवा ‘उच्च जीवन संगीत’ असं भाषांतर करू नये. शब्द तसाच ठेवावा, आणि संगीताबद्दल बोलताना जोडून एक शब्द म्हणून लिहावा: हायलाइफ. चैनीच्या राहणीबद्दल बोलायचं असेल तर आपल्याकडे ऐष, थाट, चंगळ असे शब्द पडलेले आहेत.

पुढे हे नाव क्लबच्या दारातून बाहेर पडलं आणि ताडीच्या गुत्त्यात गिटार वाजवणाऱ्यालाही लागलं. १९५० च्या दशकापर्यंत दोन ठळक शाखा दिसतात: पितळी वाद्यांचे डान्स बँड, आणि गावोगाव फिरणारे गिटार बँड. १९५२ मध्ये ई. के. न्यामे यांनी आपल्या गिटार बँडची फिरत्या नाटक कंपनीशी सांगड घातली. त्यांचा प्रेक्षक शेतकरी, कोकोच्या बागेतला मजूर, छोटा दुकानदार. त्यांच्या संगीताचं नावही हायलाइफच.

आता ‘तिथे फक्त ढोल बडवत’ आणि ‘नक्कल’.

ढोल-ताशासाठी महिना-महिना सराव करणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर ‘फक्त ढोल’ हे शब्द बिनदिक्कत पुढे जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. घानातल्या अकान लोकांचे अटुंपान ढोल जोडीने असतात, एक उंच स्वराचा, एक खालच्या. त्यांची ट्वी भाषा स्वरांच्या चढउतारावर चालते, शब्द तोच पण स्वर बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे या दोन ढोलांवर बोलण्याची चाल काढून म्हणी आणि निरोप वाजवता येतात. ‘बडवणं’ हे क्रियापद तिथे लागू पडत नाही. शिवाय तंतुवाद्यं होती. सेप्रेवा हे वीणेच्या कुळातलं वाद्य, लाकडी खोका आणि त्यावर उभ्या ताणलेल्या तारा. गिटार हाती आल्यावर त्यावरची चाल गिटारवर उतरली.

हायलाइफमध्ये मिसळलेल्या प्रवाहांपैकी जॅझ हा उशिरा आलेल्यांतला. पहिला प्रवाह पितळी वाद्यांचा. अशांती राज्याशी झालेल्या १८७३-७४ च्या युद्धाच्या काळापासून ब्रिटिशांनी किनाऱ्यावरच्या केप कोस्ट आणि एल्मिनाच्या किल्ल्यांत वेस्ट इंडीजमधले सैनिक आणून ठेवले होते. हे कॅरिबियन बेटांवरचे कृष्णवर्णीय सैनिक फावल्या वेळात आपल्याकडच्या चाली वाजवत. त्या ऐकून स्थानिक पोरांनी, ज्यांना कवायतीची गाणी शिकवली गेली होती, स्वतःचा प्रकार बांधला: अडाहा. साल १८८० च्या आसपासचं दशक. जॅझची पहिली तबकडी अमेरिकेत निघाली १९१७ मध्ये. अक्रातला एक्सेल्सियर ऑर्केस्ट्रासुद्धा त्याच्या आधीचा, १९१४ चा. नक्कल करायची तर समोर मूळ वस्तू हवी ना?

ज्या गावांना पितळी वाद्यं विकत घेणं शक्य नव्हतं त्यांनी १९३० च्या दशकात कोनकोमा काढला: तेच गाणं, तीच कवायत, तसेच गणवेश, पण कर्ण्याच्या जागी माणसांचे आवाज आणि घरी बनवलेले ढोल. आपल्याकडे पलटणीचा बँड लग्नाच्या वरातीत शिरला आणि क्लॅरिनेटवर लावणी वाजू लागली, त्याला कोणी ‘ब्रिटिश संगीताची नक्कल’ म्हणत नाही.

दुसरा प्रवाह गिटारचा. लायबेरियाच्या किनाऱ्यावरचे क्रू लोक युरोपीय जहाजांवर खलाशी असत. जहाजावर गिटार असे, आणि ती वाजवण्याची त्यांची रीत दोन बोटांची: अंगठा जाड तारांवर खालचा स्वर धरतो, तर्जनी बारीक तारांवर चाल काढते. दोघांची वजनं वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, त्यामुळे एकच गिटार असून दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. नवशिक्याची चूक ठरलेली: तो चार बोटांनी छेडायला जातो किंवा सगळ्या तारांवर एकदम हात फिरवतो. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं भांडण संपतं, आणि त्या भांडणातच ही शैली आहे. बंदरा-बंदरांतून ही रीत गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावरच्या फांती लोकांच्या गावांत पोचली आणि तिथून देशाच्या आतल्या कुमासी शहरापर्यंत.

इथेच मजकुरातली ‘उंची पाम वाइन’ येते. अहो, पाम वाइन म्हणजे ताडी! झाड तेवढं वेगळं, तेलताड. घानात बरेचदा झाड आधी आडवं पाडतात आणि खोडाला खाच करून रस काढतात. सकाळी उतरवलेला रस गोड लागतो. हवेतल्या आणि भांड्यातल्या यीस्टमुळे काही तासांत फसफसू लागतो, दुपारपर्यंत चढणारा होतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट. मुरवत ठेवता येत नाही, म्हणूनच ते गरिबाचं, जिथल्या तिथे प्यायचं पेय. त्या गुत्त्यांत बसून खलाशी आणि हमाल जे वाजवत ते ‘पाम वाइन संगीत’. ‘वाइन’ हा शब्द दिसला की उंची मद्यच असणार, असं धरून भाषांतर करणाऱ्याने कोकणातल्या कुठल्याही माडी उतरवणाऱ्याला एकदा विचारायचं होतं.

जॅझ आणि हायलाइफ वेगळे आहेत याचा पुरावा तारखांत आहे तसा हातापायांतही आहे. एक ते सोळा सारख्या वेगाने मोजा. पाय १, ५, ९ आणि १३ वर टेकवा. टाळी १, ४, ७, ११ आणि १३ वर द्या. सुरुवातीला मिनिटाला ६० पावलांहून जास्त वेग नको. हायलाइफच्या अनेक गाण्यांत, आणि त्याच्याच भावंडात शोभणाऱ्या अक्राच्या क्पानलोगो नाचात, लोखंडी घंटेवर किंवा दोन काठ्यांवर ही ओळ ऐकू येते. त्रितालाशी गल्लत करू नका. इथे टाळी-खालीचे विभाग नाहीत; घंटेची एकच ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बदलता चालते आणि बाकीचे सगळे तिच्यावरून आपली जागा ठरवतात.

पाय आणि टाळी फक्त १ आणि १३ वर एकत्र येतात. बिनसतं ते ४ वर: पाय टाळीच्या मागे ओढला जातो, मग टाळी तीन-तीनच्या टप्प्याने १, ४, ७, १० अशी पडते आणि ११ ची जागा हुकते. उपाय सोपा आहे. ७ ची टाळी दिल्यावर ८, ९, १० मोठ्याने म्हणा आणि ९ वर पाय ठासून टेकवा. पाय डळमळला नाही तर ओळ आपोआप बसते.

आता कुठलाही स्विंग जॅझ लावा. झांजेवर ‘डिंग, डिंग-ड-डिंग’ असं चालू असतं, आणि एका ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात; पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. खर्जाचं वाद्य प्रत्येक ठोक्यावर एक स्वर टाकत चालतं. हायलाइफमध्ये ठोक्याचे भाग समसमान असतात आणि खर्जाचं वाद्य मधे मोकळ्या जागा सोडून एक छोटी चाल पुन्हा पुन्हा म्हणतं. मघाची सोळाची ओळ स्विंगवर टाळीने धरायचा प्रयत्न करा, दोन आवर्तनांत ती सुटते, कारण तिचे समान भाग तिथे सापडतच नाहीत.

तरीही अर्धं सत्य आहे ते नाकारत नाही. जॅझचा परिणाम झाला, आणि डान्स बँडच्या शाखेवर चांगलाच झाला. दुसऱ्या महायुद्धात अक्रात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांचे तळ होते, त्यांना स्विंग हवं होतं, आणि टेम्पोजच्या सुरुवातीच्या वादकांत गोरी माणसंही होती. जुने मोठे ऑर्केस्ट्रा मागे पडले, ट्रम्पेट-सॅक्सोफोन पुढे ठेवणारे आटोपशीर बँड आले, मधे एकट्याने आलापासारखं खुलवून वाजवायची पद्धत आली. ई. टी. मेन्सा स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत. पण त्याच बँडचे ढोलवादक गाय वॉरेन लंडनला जाऊन आले ते क्युबाच्या पद्धतीचे बोंगो (छोटे जोडढोल) आणि माराकास (खुळखुळे) घेऊन. कॅलिप्सो हे कॅरिबियन संगीतही त्याच वाटेने आलं. माझ्या कानाला टेम्पोजच्या १९५० च्या दशकातल्या तबकड्यांत अमेरिकेपेक्षा कॅरिबियन जास्त ऐकू येतं. ‘जॅझचा प्रभाव असलेलं’ म्हणा, हरकत नाही. ‘जॅझची नक्कल’ म्हणू नका.

बँडच्या नावातल्या ‘जॅझ’नेही लोक फसतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हा शब्द ‘नव्या धर्तीचा नाचाचा बँड’ एवढ्याच अर्थाने चाले. घानात तर पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलासकट असलेल्या ड्रमसेटलाच ‘जॅझ ड्रम्स’ म्हणत. काँगोचा ओके जॅझ हा १९५६ चा बँड रुंबा वाजवायचा. नायजेरियाच्या प्रिन्स निको म्बार्गा यांच्या बँडचं नाव रोकाफिल जॅझ, आणि त्यांचं गाजलेलं गाणं गिटारवरचं स्वच्छ हायलाइफ. आपल्याकडचं उदाहरण घ्या. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हात आहे, ज्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. पितळी वाद्यं तिकडची, वाजवणारे जॅझमध्ये मुरलेले, आणि तरी ती गाणी हिंदी सिनेमाचीच राहिली. वाद्य कुठून आलं यावरून गाणं कोणाचं ते ठरत नाही.

फेला कुटी हायलाइफचे जनक, यावर फार वेळ घालवत नाही. त्यांचा जन्म १९३८ चा. ‘या अंपोन्सा’ची तबकडी त्याच्या दहा वर्षं आधीची. १९५८ मध्ये ते लंडनला संगीत शिकायला गेले, तिथे कूला लोबितोस हा बँड काढला, तो हायलाइफ आणि जॅझ एकत्र करून वाजवे. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपल्या नव्या संगीताला वेगळं नाव दिलं, आफ्रोबीट. ज्याने हायलाइफमधून बाहेर पडून दुसरी वाट काढली त्याला हायलाइफचा जनक ठरवलं आहे. नायजेरियाचा वाटा मात्र मोठा आहे: १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेम्पोजच्या दौऱ्यांनंतर तिथल्या बँडनी हायलाइफ उचललं, आणि बॉबी बेन्सन, व्हिक्टर ओलाया, रेक्स लॉसन यांनी त्याला आपल्या भाषा दिल्या.

‘पार्टी, पैसा आणि प्रेम यांखेरीज काही नसतं.’ हे लिहिणाऱ्याने एकाही गाण्याचा अर्थ पाहिलेला नाही. नाना अंपाडू यांच्या आफ्रिकन ब्रदर्स बँडचं १९६७ चं ‘एबी ते यिए’ घ्या. नावाचा अर्थ ‘काही जण नीट बसलेत’. जनावरांची सभा भरली आहे. बिबट्या एका लहानशा हरणाच्या बरोबर मागे बसला आहे आणि त्याने हरणाची शेपटी पंजाखाली दाबून धरली आहे. हरण बोलायला उठलं की बिबट्या दरडावतो, गप्प बस. शेवटी हरण ओरडून सभापतींना सांगतं की सभा थांबवा, इथे काही जण नीट बसलेत, काहींना बसताच येत नाही. घानात तेव्हा लष्करी राजवट होती, आणि हे गाणं रेडिओवरून दिसेनासं झालं. ऐकणाऱ्यांना बिबट्या कोण ते सांगावं लागलं नव्हतं. पंचतंत्र वाचून मोठे झालेल्या आपल्याला तर मुळीच सांगावं लागू नये.

गिटार बँडच्या गाण्यांत पोरकेपण आणि मरण हे विषय पुन्हा पुन्हा येतात; घानात अंत्यविधीच्या समारंभात ही गाणी वाजतात, त्यावर लोक नाचतात आणि रडतातही. वर सांगितलेलं रोकाफिल जॅझचं १९७६ चं ‘स्वीट मदर’ हे पिजिन, म्हणजे स्थानिक वळणाच्या मिश्र इंग्रजीतलं गाणं आईच्या कष्टांवर आहे: पोर उपाशी असेल तर ती जेवत नाही, त्याला झोप नसेल तर ती झोपत नाही. यातली चैन मला कोणी दाखवावी.

राहिला बर्गर. खाण्याच्या बर्गरशी याचा संबंध नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी घानाची अर्थव्यवस्था कोलमडली. ३१ डिसेंबर १९८१ ला लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांनी बंड करून सत्ता घेतली आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ रात्रीची संचारबंदी राहिली. नाचाचे कार्यक्रम रात्री होतात. रात्रच बंद झाल्यावर बँड जगणार कसे? वाद्यं आयात करणंही महागलं. कामाच्या शोधात हजारो लोक देश सोडून गेले, त्यांत वादकही होते, आणि त्यातले बरेच पश्चिम जर्मनीत, विशेषतः हॅम्बुर्गमध्ये पोचले. तिथून सुटीवर परतणाऱ्याला घानात ‘बर्गर’ म्हणू लागले. हॅम्बुर्गमधला ‘बुर्ग’ आणि जर्मनमधला नागरिक या अर्थाचा ‘ब्युर्गर’ असे दोन्ही धागे त्या शब्दात सांगतात. पितळी वाद्यांचा ताफा परदेशात परवडत नव्हता, म्हणून त्याची जागा सिंथेसायझर आणि ड्रम मशीनने घेतली. चकचकीत आवाजाचं कारण हे आहे, श्रीमंती हे नव्हे. कारखान्यात आणि हॉटेलच्या मोरीवर राबून आलेला माणूस गावी नवे कपडे घालून फिरला की गाव त्याच्याकडे बघायचं, आणि पुन्हा एकदा बघणाऱ्यांनीच नाव ठेवलं. या प्रकारातलं पहिलं मोठं गाजलेलं गाणं जॉर्ज डार्को यांचं, १९८३ चं, ‘आकू ते ब्रोफो’. अर्थ: पोपटाला इंग्रजी कळतं.